विद्यापीठातून कथक आणि भरतनाट्यम् शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीनंतर नृत्यात पदवी घ्यावी का, याबद्दल विद्यार्थी आणि पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. भर कथक आणि भरतनाट्यम् यांवर आहे, कारण महाराष्ट्रात आणि बडोद्यात विद्यापीठीय शिक्षण मुख्यतः या दोन शैलींचं मिळतं. प्रवेशाच्या तारखा आणि शुल्क दरवर्षी बदलतात, ते त्या त्या विद्यापीठाच्या चालू माहितीपत्रकातच पाहावं.

१. क्लासला जातेच आहे, मग विद्यापीठात वेगळं काय शिकवतात?

पहिला फरक तासांचा. आठवड्यातून दोनदा एक-एक तास क्लास असेल, तर पंधरा आठवड्यांत ३० तास होतात. विद्यापीठात प्रात्यक्षिकाचा एक क्रेडिट म्हणजे सत्रभर आठवड्याला २ तास. म्हणजे ४ क्रेडिटच्या एकाच प्रात्यक्षिक विषयाचे १२० तास भरतात, आणि असे विषय एका सत्रात एकाहून अधिक असतात. शिवाय स्वतःचा रियाज वेगळा.

दुसरा फरक सोबतच्या विषयांचा. ताललिपी लिहिणं, नृत्याचा इतिहास, नाट्यशास्त्र आणि अभिनयदर्पण हे जुने संस्कृत ग्रंथ, रस आणि नायिकाभेद (नायिकांचे प्रकार), थोडं गायन किंवा तालवाद्य, शरीरशास्त्र, रंगमंच आणि प्रकाशयोजना. क्लासमध्ये गुरू ‘असं कर’ म्हणतात आणि आपण करतो. इथे तेच का करायचं, हे लिहून आणि बोलून सांगता यावं लागतं. आमच्या मते पदवीचं खरं मोल याच सवयीत आहे.

२. महाराष्ट्रात अशी पदवी कुठे मिळते?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र (गुरुकुल) १९८७ मध्ये सुरू झालं. तिथे संगीत आणि नाट्याबरोबर कथक आणि भरतनाट्यम् शिकवलं जातं. पुण्यातच टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आणि भारती विद्यापीठ इथेही नृत्याचे पदवी अभ्यासक्रम आहेत. मुंबईत डॉ. कनक रेळे यांनी उभं केलेलं नालंदा नृत्यकला महाविद्यालय आहे, ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे. राज्याबाहेर मराठी विद्यार्थ्यांचा ओढा मुख्यतः बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाकडे आणि छत्तीसगडमधल्या खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाकडे असतो. खैरागढचं विद्यापीठ १९५६ मध्ये स्थापन झालं आणि ते संपूर्णपणे कलांनाच वाहिलेलं आहे.

३. विद्यापीठात नृत्य आलं कधी? आधी तर ते घराण्यातच शिकत ना?

हो, आणि म्हणूनच हा बदल मोठा होता. संगीताला शाळा आधी मिळाली. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात १८८६ मध्ये गायनशाळा निघाली आणि विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. नृत्याला मात्र ‘घरंदाज मुलींनी शिकू नये’ हा समज ओलांडून यावं लागलं. १९३० च्या दशकात केरळ कलामंडलम् आणि कलाक्षेत्र या संस्था उभ्या राहिल्या, तेव्हा घराणं किंवा देवालय यांच्या बाहेर, ठरलेल्या अभ्यासक्रमाने नृत्य शिकवता येतं हे दिसलं.

विद्यापीठीय पदवीचा मान बडोद्याकडे जातो. १९४९ मध्ये तिथे विद्यापीठ झालं आणि लगेचच नृत्याचा विभाग सुरू झाला. मोहन खोकर हे त्याचे पहिले प्रमुख. पुढे सी. व्ही. चंद्रशेखर यांच्यासारखे नर्तक तिथे शिकवत होते. मुंबईत कनक रेळे यांनी १९६६ मध्ये नालंदा नृत्य संशोधन केंद्र आणि नंतर महाविद्यालय काढलं. मोहिनीअट्टम् ही केरळची नृत्यशैली हा त्यांचा विषय. हालचालीचं विश्लेषण शास्त्रीय पद्धतीने शिकवण्याचा त्यांचा आग्रह होता.

४. भरतनाट्यम् दक्षिणेचं. मराठी माणसाचा त्याच्याशी काय संबंध?

जवळचा संबंध आहे, आणि तो अभ्यासक्रमातही येतो. तंजावरवर १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं. दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात (१७९८–१८३२) चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार भाऊ त्या दरबारात होते. आज रंगमंचावर अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंत जो क्रम दिसतो, त्याची घडी या भावांनी बसवली असं मानलं जातं. त्याच दरबारात मराठीत ‘निरूपणं’ रचली गेली. एका विषयावर गुंफलेल्या या नृत्यरचना आचार्य पार्वतीकुमार यांनी अभ्यासून पुन्हा रंगमंचावर आणल्या. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी हिंदुस्थानी संगीतावर भरतनाट्यम् बांधण्याचं ‘नृत्यगंगा’ हे काम केलं.

बडोद्याचा धागाही तंजावरचाच आहे. सयाजीरावांचा विवाह १८८० मध्ये तंजावरच्या राजकन्येशी झाला आणि त्या नात्याने तिथल्या नर्तकी आणि वादक बडोद्यास आले. त्यांच्यातल्या कांतिमती यांचे पुत्र कुबेरनाथ तंजोरकर पुढे त्याच शहराच्या विद्यापीठात भरतनाट्यम् शिकवत होते. दरबार ते विद्यापीठ हा प्रवास इतका सलग क्वचितच दिसतो.

५. आणि कथक? ते तर उत्तरेचं.

लखनौ, जयपूर आणि बनारस ही कथकची प्रमुख घराणी. पुण्यात ते रुजलं ते रोहिणी भाटे (१९२४–२००८) यांच्यामुळे. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे त्या शिकल्या आणि १९४७ मध्ये त्यांनी नृत्यभारती ही संस्था स्थापन केली. ललित कला केंद्राच्या अभ्यासक्रमाच्या घडणीत त्यांचा वाटा होता. मराठी-संस्कृत काव्यावर बांधलेलं कथक आणि ग्रंथ वाचून नाचण्याची त्यांची सवय पुण्यातल्या शिक्षणात आजही जाणवते.

६. प्रवेशासाठी आधी किती वर्षं शिकलेलं हवं?

कागदोपत्री अट साधारणपणे बारावी उत्तीर्ण आणि प्रवेशचाचणी एवढीच असते. पण शून्यापासून सुरुवात करणाऱ्याला पहिलं सत्र फार जड जातं. पायाला निदान चार-पाच वर्षांची सवय असावी, असं आम्ही सांगतो.

चाचणीत सहसा पाच-दहा मिनिटांचं सादरीकरण असतं आणि त्यानंतर प्रश्न. मुलं हमखास अडतात ती प्रश्नांत. कथकात ‘हाच तोडा (बोलांची छोटी रचना) हातावर ताल धरून म्हणून दाखव’, ‘तीनतालाची खाली (टाळी न देता हात मोकळा दाखवायची मात्रा) कुठे?’, ‘ठाय (संथ) लयीतून दुगुन (दुप्पट लय) घे’. भरतनाट्यम् मध्ये एखादा अडवू (पाय आणि हातांच्या हालचालींचा मूळ घटक) तीन गतींत करून दाखव, हस्तांचा (हाताच्या मुद्रांचा) श्लोक म्हणून हस्त दाखव. बसवून घेतलेली दीर्घ रचना दणक्यात करणारी मुलगी साधा ताल धरताना गडबडली, तर परीक्षकांना तिच्या तयारीचा अंदाज लगेच येतो. तयारी करायची तर नवी रचना बसवू नका, आहे तीच पढंत (बोल तालात तोंडाने म्हणणं) आणि तालासह पक्की करा. पढंतीबद्दल प्रश्न १० पाहा.

७. मी गांधर्वची विशारद आहे. पदवीची दोन वर्षं माफ होतील का? थेट एम.ए. ला जाता येईल का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकारपर्यंत जातात. कलेतली तयारी दाखवायला त्या उत्तम आहेत, पण विशारद म्हणजे विद्यापीठाची पदवी नव्हे. त्यामुळे बी.ए. ची वर्षं आपोआप माफ होत नाहीत.

एम.ए. चं मात्र निराळं आहे. कोणत्याही शाखेची पदवी आणि सोबत विशारद किंवा तेवढी तयारी असेल, तर अनेक विद्यापीठं चाचणी घेऊन नृत्याच्या एम.ए. ला प्रवेश देतात. बी.कॉम. करून विशारद झालेल्यांना हा रस्ता सोयीचा पडतो. ज्या विद्यापीठात जायचं आहे त्याची पात्रतेची अट लेखी मागून घ्या, तोंडी उत्तरावर विसंबू नका.

८. तीन वर्षांचा अभ्यासक्रम की चार?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स पदवी मिळवता येते. संशोधनाकडे किंवा शिकवण्याकडे जायचं असेल तर चौथं वर्ष उपयोगी पडतं.

९. कथकच्या पहिल्या वर्षात नुसता तत्कारच (पायांचे तालबद्ध आघात) करून घेतात, हे खरं का?

नुसता नाही, पण पुष्कळ, आणि त्याला कारण आहे. तीनतालाच्या १६ मात्रांवर ‘ता थेई थेई तत् आ थेई थेई तत्’ दोनदा येतं. पायांचा क्रम असा: उजवा, डावा, उजवा, डावा, मग डावा, उजवा, डावा, उजवा. म्हणजे चौथ्या आणि पाचव्या मात्रेवर डावा पाय लागोपाठ दोनदा पडतो, आणि आठव्या-नवव्यावर उजवा. ठाय लयीत हे सगळ्यांना जमतं. चौगुनीत (चौपट लयीत) शरीर सोपा मार्ग शोधतं आणि पाय नुसते आळीपाळीने पडू लागतात. आवाज साधारण तसाच येतो, म्हणून चूक कळत नाही, पण त्याच तत्कारावर पलटे किंवा लडी (पायांच्या बोलांचे विस्तार) बांधायला घेतली की सगळं कोसळतं.

उपाय कंटाळवाणा आहे. लय वाढवायची ती एकदम न वाढवता, लेहऱ्यावर (तालाबरोबर फिरत राहणाऱ्या धूनवर) किंवा मेट्रोनोमवर थोडी थोडी, आणि चूक झाली की आधीच्या लयीवर परत जायचं. आघात पूर्ण तळव्याचा हवा, गुडघे सैल, कंबरेपासून वर शरीर स्थिर. खांदे हलू लागले की समजायचं, लय पायांच्या आवाक्याबाहेर गेली.

तत्काराच्या जोडीने वर्षभरात हस्तक, थाट, आमद, तोडे, तिहाया, एखादी परण, कवित्त आणि गतनिकास हे कथकचे इतर घटक येतात. दुसरा ताल बहुधा झपताल, म्हणजे १० मात्रा, २-३-२-३. पुढच्या वर्षांत धमार (१४ मात्रा) आणि रूपक (७ मात्रा) येतात. रूपकाने नवशिके गोंधळतात, कारण त्याच्या पहिल्याच मात्रेवर खाली असते.

१०. नाचायला आलोय, मग एवढी पढंत कशाला?

जे तोंडाने लयीत म्हणता येत नाही, ते पायाने लयीत येत नाही. बोलांमधली जागा, वजन, कुठला बोल जोरकस आणि कुठला दाबून म्हणायचा, हे आधी जिभेवर बसतं. शिवाय रंगमंचावर तबलजींना बंदिश पढंतीतूनच कळते. क्रम असा ठेवा: आधी नुसते बोल, मग हातावर ताल धरून बोल, मग तेच ठेक्याबरोबर, आणि शेवटी पाय. दुसऱ्या पायरीला बहुतेकांचा हात बोलांच्या मागे धावतो. ताली बोलांच्या लयीने बदलू लागली की थांबा आणि ठाय लयीत पुन्हा सुरू करा. हात ताल सांगतो, तोंड बंदिश, आणि दोघांनी एकमेकांना ओढायचं नाही.

११. माझी तिहाई (तीनदा म्हणायचा बोलांचा तुकडा) नेहमी समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) एक मात्रा आधी संपते. हिशोब कुठे चुकतो?

बहुधा १६ मोजल्या जातात आणि १७ हव्या असतात. तिहाईचा शेवटचा आघात पुढच्या आवर्तनाच्या (तालाच्या फेरीच्या) समेवर पडायचा आहे. म्हणून समेपासून उचलून एका आवर्तनात बसणाऱ्या तिहाईची लांबी तीनतालात १७ मात्रा, झपतालात ११ मात्रा.

सूत्र एकच: बोलाचा तुकडा तीनदा, मधले विराम दोनदा. तुकडा ५ मात्रांचा आणि विराम १ मात्रेचा घेतला, तर १५ + २ = १७. मात्रा १ ते ५, मग विराम, ७ ते ११, विराम, १३ पासून सुरू होणारा तिसरा तुकडा थेट समेवर. झपतालात ३ मात्रांचा तुकडा आणि १ मात्रेचा विराम, ९ + २ = ११. विराम नसलेली, म्हणजे बेदम तिहाई खालीपासून घ्यायची असेल, तर ३ मात्रांचा तुकडा तीनदा: नवव्या मात्रेवर उचला, सम बरोबर येते.

हिशोब बरोबर असूनही चुकत असेल तर विराम तपासा. घाईत विराम आखडतो. तो मनात मोजू नका, हलकं ‘एक’ म्हणून रियाज करा. जाणूनबुजून समेच्या आधी येणं (अनागत) किंवा सम उलटून गेल्यावर येणं (अतीत) हे प्रकार आहेत, पण ते सम पक्की असणाऱ्यालाच शोभतात.

१२. भरतनाट्यम् च्या वर्गात अरमंडीमुळे (गुडघे बाहेर वळवून वाकवलेल्या अर्ध्या बैठकीमुळे) गुडघे दुखतात. सहन करायचं का?

नाही. थकवा आणि वेदना वेगळ्या. मांड्या भरून येणं स्वाभाविक आहे, गुडघ्याच्या आत टोचणं स्वाभाविक नाही. सर्वांत जास्त दिसणारं कारण असं: पावलं बाहेरच्या दिशेला भरपूर वळवलेली, पण मांडी खुब्यापासून तेवढी वळलेली नसते. मग गुडघा पावलाच्या आत झुकतो आणि प्रत्येक तट्टडवूचा (पाय आपटण्याच्या अडवूचा) दणका तिरका बसतो. आरशासमोर अरमंडीत बसा. गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवा. नसेल, तर पावलांचा कोन कमी करा. बैठक थोडी उंच राहिली तरी चालेल, खुबे मोकळे झाले की ती खाली येते.

दुसरं कारण जमीन. सिमेंट किंवा ग्रॅनाइटवर रोज तीन तास आघात केले की नडगीचं दुखणं ठरलेलं. खाली पोकळी ठेवून बसवलेली लाकडी जमीन सर्वांत चांगली. ती नसेल, तर आघातांचा रियाज आणि अभिनयाचा रियाज आलटून पालटून घ्या. दुखणं दोन आठवडे टिकलं, सूज आली किंवा रात्री ठणकू लागलं, तर अस्थितज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टकडे जा, आणि तोवर उड्या बंद.

१३. नाट्यशास्त्रात हस्त २४ आणि अभिनयदर्पणात २८. परीक्षेत कोणता आकडा लिहायचा?

प्रश्नात ग्रंथाचं नाव असेल तो आकडा, नसेल तर दोन्ही, ग्रंथाच्या नावासह. हे एका हाताचे, म्हणजे असंयुत हस्त. अभिनयदर्पणातल्या यादीत अर्धपताक, मयूर, चंद्रकला, सिंहमुख आणि त्रिशूल हे पाच जास्तीचे आहेत आणि नाट्यशास्त्रातला ऊर्णनाभ त्या यादीत नाही. म्हणून २४ वजा १ अधिक ५, बरोबर २८. एवढं लिहिलं की पाठांतर न वाटता समज दिसते. अशीच गल्लत शिरोभेदांची (डोक्याच्या हालचालींची) होते: नाट्यशास्त्रात १३, अभिनयदर्पणात ९. एकशे आठ करणं (हात-पायांच्या एकत्रित हालचाली) मात्र नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायातली आहेत, अभिनयदर्पणात शोधू नका.

१४. चाळ किती घुंगरांची घ्यायची?

कथकसाठी सुरुवातीला एका पायात ५० आणि पाय तयार झाले की १०० हे साधारण प्रमाण, पुढे १५० किंवा जास्त. सुती दोरीत प्रत्येक घुंगरू वेगळी गाठ मारून ओवलेलं हवं, म्हणजे एक निसटलं तरी माळ सांडत नाही. घोट्याच्या हाडाच्या वरून, घट्ट पण बोटं बधिर होणार नाहीत अशी बांधा. सैल चाळ कातडी सोलते. भरतनाट्यम् साठी चामड्याच्या किंवा मखमली पट्ट्यावर ओळींनी शिवलेली चाळ मिळते. पदवीला जाण्याआधी नवीन जड चाळ घेण्याची घाई करू नका, शिक्षक पाय पाहून सांगतात.

१५. माझ्या गुरूंचं घराणं वेगळं आहे. विद्यापीठात शिकले तर गोंधळ होईल का?

काही महिने होतो. हस्तकाची उंची, आमद, चक्कराची सुरुवात, बोलांचे उच्चार, सगळीकडे थोडा फरक असतो. वर्गात तिथल्या पद्धतीने करा आणि दोन्ही पद्धती वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवा. गुरूंना न सांगता प्रवेश घेऊ नका. बहुतेक गुरू आनंदाने परवानगी देतात, पण उशिरा कळलं तर मन दुखावतं.

१६. इंजिनिअरिंग किंवा बी.कॉम. करताना सोबत नृत्याची पदवी घेता येईल का?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या घ्यायला मुभा दिली आहे. दोन्ही प्रत्यक्ष वर्गाच्या असतील, तर वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. नियमाने शक्य असलं तरी नृत्याच्या पदवीत हजेरी प्रात्यक्षिकाची असते, ती नोट्स वाचून भरून निघत नाही. दूरस्थ पद्धतीची दुसरी पदवी त्या मानाने झेपते. पदवी आधी आणि नृत्याचं एम.ए. नंतर, हा पर्याय प्रश्न ७ मध्ये आहे.

१७. मुलगे घेतात का?

घेतात. वर्गात ते कमी दिसतात एवढंच. अभ्यासक्रम आणि परीक्षा सगळ्यांना एकच.

१८. शिष्यवृत्त्या कोणत्या?

शाळकरी मुलांसाठी सी.सी.आर.टी. या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेची सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती, वय १० ते १४. त्यानंतर केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती: वय १८ ते २५, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं. तिला गुरूकडे किमान पाच वर्षं शिकलेलं असावं लागतं, म्हणून गुरूंचं पत्र तारखांसह आधीच घेऊन ठेवा. निवड प्रात्यक्षिकावर होते आणि तिथेही पढंत विचारतात.

१९. महाविद्यालयात शिकवायचं असेल तर?

एम.ए. ला ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५०) आणि त्यानंतर यू.जी.सी. नेट ही विद्यापीठ अनुदान आयोगाची पात्रता परीक्षा. विषय ‘परफॉर्मिंग आर्ट: नृत्य/नाटक/रंगभूमी’, संकेतांक ६५. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, १०० गुणांचा, सर्व विषयांना समान. दुसरा १०० प्रश्नांचा, २०० गुणांचा. एकूण वेळ तीन तास. दुसऱ्या पेपरात नाटकाचे प्रश्नही येतात, त्यामुळे फक्त नृत्य केलेले तिथे मागे पडतात. संस्कृत नाटक, लोकनाट्य आणि आधुनिक रंगभूमी यांचा अभ्यास एम.ए. च्या पहिल्या वर्षापासूनच सुरू करा.

२०. आणि शिकवायचं नसेल तर?

शाळांमध्ये नृत्यशिक्षक, स्वतःचे वर्ग, नृत्यरचना, नाट्यसंस्थांबरोबर काम, संशोधन, समीक्षा, कार्यक्रमांचं आयोजन. नुसत्या एकल कार्यक्रमांवर घर चालणारे फार थोडे, हे पालकांना प्रवेशाआधीच सांगावं. पदवीच्या तिसऱ्या वर्षापर्यंत लहान मुलांचा एक छोटा वर्ग घ्यायला सुरुवात करा. शिकवताना स्वतःच्या तत्कारातल्या किंवा अडवूतल्या चुका दिसू लागतात, आणि त्या दुरुस्त करायला अजून विद्यापीठाचे शिक्षक हाताशी असतात.